हरल्यावर नेमलेला ऑडिटर

२३ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात, बास्केटबॉलच्या एका जुन्या स्टेडियममध्ये, २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या सुमारे २१ लाख मतपत्रिका हाताने पुन्हा मोजायला सुरुवात झाली. मोजणाऱ्यांच्या टेबलांवर निळी पेनं ठेवलेली होती. तिथल्या मतपत्रिका एरवी स्कॅनरवर मोजतात आणि स्कॅनर निळी-काळी शाई वाचतो. म्हणजे मोजताना कुणाचा हात चुकला, किंवा कुणी मुद्दाम चुकवला, तर मत बदलू शकतं. म्हणून मोजणीच्या जागी लाल पेनच वापरायचं, हे तिथल्या कुठल्याही निवडणूक कर्मचाऱ्याला पाठ असतं. मोजणी करणाऱ्या कंपनीला मात्र ते निरीक्षक म्हणून आत बसलेल्या एका वार्ताहराने सांगितलं. मग पेनं बदलली.

कंपनीचं नाव सायबर निंजाज. फ्लोरिडातल्या सारासोटाची, संगणक सुरक्षेची कामं घेणारी छोटी कंपनी. निवडणुकीच्या ऑडिटचा तिला अनुभव नव्हता. अनुभव नव्हता पण मत होतं. तिचे प्रमुख डग लोगन यांनी २०२० च्या निवडणुकीत घोटाळा झाल्याचे दावे समाजमाध्यमांवर आधीच पसरवलेले होते. ज्याला निकाल आधीच माहीत आहे, त्यालाच तपासायला बोलावलं.

बोलावलं कुणी, तर अ‍ॅरिझोना राज्याच्या सिनेटने. जो बायडन यांनी हे राज्य १०,४५७ मतांनी जिंकलं होतं. त्यातली मॅरिकोपा काउंटी सगळ्यात मोठी, फिनिक्स तिच्यातच येतं, आणि तिथे बायडन यांची आघाडी ४५,१०९ मतांची. सिनेटमध्ये बहुमत रिपब्लिकन पक्षाचं. सिनेटच्या अध्यक्ष कॅरन फॅन यांनी समन्स काढून काउंटीकडून मतपत्रिका आणि यंत्रं मागवली, काउंटी कोर्टात गेली, कोर्टाने समन्स वैध ठरवलं. इथे एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाने नीट लक्षात ठेवायला हवी. अमेरिकेत निवडणूक घेतं ते काउंटीचं प्रशासन, आणि ते चालवणारे बरेचसे लोक पक्षाच्या नावावर निवडून आलेले असतात. मॅरिकोपाच्या पाच जणांच्या मंडळात चार रिपब्लिकनच होते. त्यामुळे हे भांडण एका पक्षाने दुसऱ्या पक्षावर केलेला आरोप इतकं सरळ नव्हतं. एकाच पक्षातले निवडणूक घेणारे आणि निवडणूक हरलेले समोरासमोर उभे होते.

सिनेटने कंपनीला दीड लाख डॉलर देऊ केले. एकवीस लाख मतपत्रिकांची हाताने मोजणी, यंत्रांची तपासणी, महिनोन्महिने भाड्याची जागा, शेकडो माणसं. हे दीड लाखात होत नाही हे कुठल्याही मांडववाल्यालाही कळेल. बाकीचे पैसे कुठून आले ते जुलैमध्ये उघड झालं. ५७ लाख डॉलर खासगी संस्थांनी दिले होते, आणि त्या संस्था चालवणारे होते सिडनी पॉवेल, मायकेल फ्लिन, पॅट्रिक बर्न, म्हणजे निकाल चोरला गेला असं जाहीरपणे सांगत फिरणारी मंडळी. ज्या वृत्तवाहिनीच्या हातात मोजणीचं थेट प्रक्षेपण होतं, तिच्याच निवेदिका त्यासाठी वर्गणी गोळा करत होत्या. सरकारी कागदावर हे सिनेटचं ऑडिट. खर्चाच्या हिशेबात मात्र सिनेट लिंबूटिंबू.

आत काय चाललं होतं त्याच्या हकिकती त्या वेळी खूप रंगल्या. मतपत्रिकांवर अतिनील दिवे मारले गेले. आशियातून चाळीस हजार मतपत्रिका विमानाने आणून घुसवल्याची वावडी होती, म्हणून कागदात बांबूचे धागे आहेत का ते शोधायला सूक्ष्म कॅमेरे लावले गेले. मतपत्रिका फिरत्या तबकावर ठेवून टेबलाभोवती बसलेल्यांसमोरून फिरवत मोजल्या. मोजणी चालू असताना शाळांचे पदवीदान समारंभ आले, स्टेडियम आधीच बुक झालेलं, तेव्हा सगळा पसारा शेजारच्या इमारतीत हलवावा लागला. यंत्रांतल्या माहितीची प्रत मोंटाना राज्यात नेली गेली. यंत्रं परत आल्यावर राज्याच्या निवडणूक खात्याने सांगितलं की मधल्या काळात ती कुणाच्या हातात होती याची खात्री उरलेली नाही, पुन्हा वापरू नका. नव्या यंत्रांचा खर्च सुमारे २८ लाख डॉलर. म्हणजे दीड लाखाच्या तपासणीपायी सार्वजनिक तिजोरीवर त्याच्या अठरापट बोजा.

सप्टेंबर २०२१ मध्ये अहवाल आला. बायडन यांची ९९ मतं वाढली होती आणि ट्रम्प यांची २६१ घटली होती.

त्या दिवशी अनेकांनी टाळ्या पिटल्या. बघा, त्यांच्याच माणसांनी मोजलं आणि तेच निघालं! मला ही टाळी पटत नाही. ज्या मोजणीची पद्धत रोज बदलत होती, जिच्या टेबलांवर निळी पेनं होती, जिचा पैसा एका बाजूच्या खिशातून आला, तिचा आकडा आपल्या बाजूने आला म्हणून खरा कसा ठरतो? उद्या तीच मोजणी दहा हजारांनी उलटी आली असती तर याच मंडळींनी ती केराच्या टोपलीत टाकली असती, आणि ते बरोबरच झालं असतं. त्या ९९ मतांनी काहीच सिद्ध होत नाही. शिवाय त्याच अहवालात, आकडे बाजूला ठेवून, संशयाची पानंच्या पानं होती. जानेवारी २०२२ मध्ये काउंटीने त्यातल्या ७६ दाव्यांना ९३ पानी उत्तर दिलं आणि जवळपास सगळे खोटे किंवा दिशाभूल करणारे ठरवले. शंका घेण्यासारखी मतं सापडली ती शंभराहूनही कमी. पण तोवर ज्यांना जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलेलं होतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे खासगी सल्लागाराला निवडणुकीच्या दारात उभंच करू नका. माझं म्हणणं ते नाही. याच मॅरिकोपा काउंटीने सिनेटच्या आधी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, प्रो व्ही अँड व्ही आणि एसएलआय कम्प्लायन्स अशा दोन कंपन्यांकडून यंत्रं तपासून घेतली होती. दोन्ही अमेरिकेच्या केंद्रीय निवडणूक साहाय्य आयोगाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा, आणि दोन्ही खासगीच. त्यांना गैरप्रकार आढळला नाही. सिनेटवाल्यांचं यावर म्हणणं होतं की ज्याची परीक्षा, त्यानेच परीक्षक निवडला. आणि हे म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

मुंबईत जुन्या इमारतीत राहिलेल्या कुणालाही हा पेच समजेल. तीस वर्षं ओलांडलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. मालकाने आणलेला इंजिनिअर सांगतो, इमारत ‘सी-१’, ताबडतोब पाडा. भाडेकरूंनी आणलेला इंजिनिअर सांगतो, छे, दुरुस्त करता येते, कुणी बाहेर पडायची गरज नाही. दोघेही परवानाधारक, दोघांच्याही अहवालात कॉंक्रीटच्या चाचण्यांचे तक्ते. एकच भिंत, दोन निकाल, आणि फी कुणी दिली त्यावर कुठला निकाल कुणाचा ते आधीच सांगता येतं. म्हणून पालिकेकडे तांत्रिक सल्लागार समिती ठेवावी लागली. दोन अहवाल भांडले की प्रकरण तिच्याकडे जातं. त्या समितीतले इंजिनिअर जास्त हुशार असतात असं नाही. त्यांना त्या इमारतीसाठी कुणी आणलेलं नसतं, एवढाच फरक. आणि स्ट्रक्चरल ऑडिटला निदान एक अंतिम कसोटी असते. सीएसएमटीजवळचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी कोसळला, सात माणसं गेली. खासगी सल्लागाराच्या ऑडिटमध्ये त्या पुलाला किरकोळ दुरुस्ती पुरेशी आहे असा शेरा होता. ऑडिटरला अटक झाली. पूल पडतो तेव्हा खोटा किंवा निष्काळजी अहवाल उघडा पडतो. निवडणुकीचं ऑडिट करणाऱ्याच्या बाबतीत असं काही पडत नाही. लोकांचा विश्वास हळूहळू झिजतो, आणि त्याचा पंचनामा कुठल्याही पोलीस ठाण्यात होत नाही.

म्हणून तज्ज्ञ खासगी आहे की सरकारी, यात मला रस नाही. त्याला कधी नेमलं, पैसे कुणी दिले, आणि नेमताना त्याच्यासमोर कुठला प्रश्न ठेवला, हे तीन धागे मी आधी ओढून बघेन. निकाल लागल्यावर, हरलेल्याने, ‘काय सापडतं ते बघा’ असं सांगून जो नेमला जातो तो वकील असतो. वकील नेमायला हरकत काहीच नाही. निवडणूक याचिका असते, तिथे न्यायाधीश असतो, समोरचाही वकील असतो. पण वकिलाला ऑडिटर म्हणायचं नसतं.

उलट उदाहरण हवं असेल तर न्यू हॅम्पशायर राज्यातलं विंडहॅम नावाचं गाव घ्या. जेमतेम दहा हजार मतांची जागा. २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळासाठी उभ्या असलेल्या एका डेमोक्रॅट उमेदवार २४ मतांनी हरल्या, त्यांनी पुनर्मोजणी मागितली, आणि हाताने मोजल्यावर त्यांची ९९ मतं आणखी घटली. समोरच्या चार रिपब्लिकनांची मात्र प्रत्येकी तीनशेच्या आसपास वाढली. एवढा फरक यायचं कारण काय, ते कुणाला सांगता येईना. बाहेर राष्ट्रीय पातळीवर गलका सुरू होताच. यंत्रच फितूर आहे, हे त्याचं उत्तर तयार होतं.

विधिमंडळाने खास कायदा करून ऑडिट लावलं. तीन तज्ज्ञ नेमायचे होते: एक गावाने निवडायचा, एक राज्याच्या निवडणूक खात्याने आणि महाधिवक्त्याने मिळून, आणि तिसरा या दोघांनी. गावातल्या एका गटाला आपल्या मर्जीतला माणूस हवा होता, त्यावरून सभेत भरपूर आरडाओरडा झाला, पण निवडीची पद्धत कायद्यात लिहिलेली होती म्हणून ती टिकली. मार्क लिंडमन, हॅरी हर्स्टी आणि फिलिप स्टार्क हे तिघे बसले. यातले हर्स्टी मतदान यंत्रं फोडून दाखवण्यासाठी प्रसिद्ध, म्हणजे यंत्रांचे भाट नक्कीच नाहीत. स्टार्क संख्याशास्त्रज्ञ; मतपत्रिकांचा नमुना काढून निकालाची खात्री करण्याची जी पद्धत कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून राज्यभर लावली, ती त्यांचीच.

मे २०२१ मध्ये, म्हणजे फिनिक्सचा तमाशा ऐन भरात असताना, या तिघांनी कॅमेऱ्यासमोर मतपत्रिका उघडल्या. कारण जे सापडलं ते ऐकून हसावं की रडावं कळत नाही. करोनामुळे टपाली मतपत्रिका खूप पाठवायच्या होत्या. हाताने घड्या घालणं जड जाईल म्हणून गावाने घड्या घालणारं एक यंत्र उसनं आणलं. त्या यंत्राची घडी अनेक मतपत्रिकांवर नेमकी त्या बाईंच्या नावासमोरच्या गोलातून जात होती. स्कॅनरला घडीची सावली म्हणजे भरलेला गोल वाटला. मतदाराने इतर चौघांना मत दिलेलं असेल तर हे पाचवं मत धरून ‘जास्त मतं’ म्हणून सगळीच बाद. कमी मतं दिलेली असतील तर बाईंना फुकटचं एक. स्कॅनरवर साचलेल्या धुळीने त्यात भर घातली. कट नाही, फितुरी नाही. एक उसनं यंत्र आणि एक घडी.

माझ्या दृष्टीने ऑडिटचं खरं फळ हे. चोर सापडला की ऑडिट यशस्वी, असं आपल्याला वाटतं, पण निवडणूक प्रशासनातल्या चुका बहुतेक वेळा अशाच असतात: कंटाळवाण्या, कारकुनी, आणि आतल्या माणसाला वर्षानुवर्षं न दिसणाऱ्या. बाहेरचा माणूस तिथे उपयोगी पडतो. जॉर्जियातल्या फुल्टन काउंटीत, म्हणजे अटलांटा शहरात, जून २०२० च्या प्राथमिक निवडणुकीत रांगांचा आणि टपाली मतांचा पार बोजवारा उडाला. त्यानंतर राज्याच्या निवडणूक मंडळाने काउंटीशी लेखी समझोता करून कार्टर जोन्स नावाचे एक खासगी सल्लागार देखरेखीला बसवले. नोव्हेंबरच्या निवडणुकीच्या आधी, हे महत्त्वाचं. त्यांनी मतपत्रिकांच्या पेट्या कशा ढिसाळपणे हलवल्या जातात, कोण काय करतंय हे कसं कुणालाच ठाऊक नसतं, याची वाभाडे काढणारी टिपणं लिहिली. आणि त्याच टिपणांत स्वच्छ लिहिलं की गचाळपणा खूप दिसला, अप्रामाणिकपणा किंवा घोटाळा दिसला नाही. दोन्ही बाजूंना हा अहवाल गैरसोयीचा. काउंटीला पहिलं वाक्य नको होतं, ट्रम्पसमर्थकांना दुसरं.

आता आपल्या अंगणात येऊ. इथे निवडणूक घेणारा अधिकारी पक्षाचा नसतो, ही आपली मोठी जमेची बाजू, आणि ती कमी लेखू नये. पण बाहेरचा माणूस आत घेण्याची आपलीही एक कथा आहे आणि ती फार लांबची नाही. २०२२ मध्ये बेंगळुरूच्या महापालिकेने चिलुमे नावाच्या एका खासगी संस्थेला मतदार जागृतीचं काम करू दिलं. फुकट. पुढे बातम्यांतून उघड झालं की तिची माणसं बूथस्तरीय अधिकारी असल्याची ओळखपत्रं लावून घरोघरी जात होती आणि मतदारांची खासगी माहिती गोळा करत होती. अटका झाल्या, निवडणूक आयोगाने दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना निलंबित करायला लावलं आणि शिवाजीनगर, चिकपेट व महादेवपुरा या तीन मतदारसंघांच्या याद्या पुन्हा तपासायला सांगितल्या. संस्था फुकट काम का करते, हा प्रश्न पालिकेत कुणालाच पडला नाही? फिनिक्समध्ये खासगी देणगीदारांनी पैसे दिले, बेंगळुरूत कुणीच दिले नाहीत असं कागदावर होतं. दुसरा प्रकार मला जास्त धोक्याचा वाटतो. आपल्याकडे उमेदवारांना आडनावांप्रमाणे चाळून दिलेल्या मतदार याद्यांची सॉफ्टवेअरं विकणाऱ्या एजन्सी गल्लोगल्ली आहेत. अशा बाजारात घरोघरची ताजी माहिती हीच फी असते.

यंत्रांच्या तपासणीबद्दल आपण काय केलं? सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला एक वाट दिली: सात दिवसांत लेखी अर्ज करा, खर्च भरा, विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांची मेमरी तपासून मिळेल. फेरफार निघाला तर पैसे परत. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेनंतर हरलेल्या बऱ्याच उमेदवारांनी असे अर्ज केले. तपासणार कोण, तर ज्या कंपन्यांनी यंत्रं बनवली त्यांचेच इंजिनिअर. ते प्रामाणिक असतील, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण इथे तर मालकाचाच इंजिनिअर आहे आणि भाडेकरूने त्याची फी भरायची आहे. बरं, ही सोय विधानसभा-लोकसभेची. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या विधानसभेला प्रत्येक मतदारसंघातल्या पाच बूथवर मोजतात; २०२४ ला राज्यातल्या २८८ जागांवर अशा १,४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या जुळल्याचं आयोगाने सांगितलं. आपल्या महापालिका-नगरपालिकांच्या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नसतंच. मोजायला चिठ्ठीच नाही.

अधिकृत वाट अपुरी वाटली की लोक आपली वाट काढतात. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने डिसेंबर २०२४ मध्ये मतपत्रिका छापून गावापुरतं मतदान पुन्हा घ्यायचं ठरवलं. जमावबंदी लागली, पोलीस आले, मतदान झालं नाही. ते झालं असतं तरी त्याला पुरावा म्हणता आलं नसतं. निकाल कळल्यावर दुसऱ्यांदा दिलेलं मत हे पहिल्या मताची तपासणी होऊ शकत नाही. पण गावाला बंदोबस्त दिसला आणि उत्तर दिसलं नाही, एवढं खरं.

आणि उत्तर देता येतं. हरियाणात पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावात नोव्हेंबर २०२२ मध्ये सरपंचपदाची निवडणूक झाली. एका बूथवर दोन उमेदवारांची मतं एकमेकांच्या नावावर लागल्याचा वाद होता. प्रकरण खालून वर, वरून खाली फिरत सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने यंत्रं दिल्लीला मागवून आपल्या निबंधकाकरवी, दोन्ही बाजूंसमोर, चित्रीकरण करत मतं मोजली. १,०५१ विरुद्ध १,०००, सरपंच बदलला. मोजणी अगदी चोख झाली, पण तोवर मुदतीतली अडीच वर्षांहून अधिक निघून गेली होती. एका गावच्या बेरजेसाठी देशाचं सर्वोच्च न्यायालय ऑडिटर म्हणून वापरावं लागतं, याचा अर्थ मधल्या पायऱ्याच आपण बांधलेल्या नाहीत.

महाराष्ट्रात ही पायरी कुठे बसवायची ते २०२५-२६ च्या हिवाळ्यात स्पष्ट दिसलं. राज्य निवडणूक आयोग स्वतः मतदार नोंदवत नाही. भारत निवडणूक आयोगाची विधानसभेची यादी तो घेतो, या वेळी १ जुलै २०२५ ची घेतली, आणि पालिकेचे कर्मचारी ती प्रभागांत फोडतात. नाव वगळायचा किंवा वाढवायचा अधिकार आपल्याला नाही, असं राज्य आयोग सांगतो. यादी ज्याची, त्याची ही निवडणूक नाही. निवडणूक ज्याची, त्याची ही यादी नाही. मुंबईत दुबार नावांचा आकडा अकरा लाखांच्या घरात गेला, विरोधी पक्षांनी १ नोव्हेंबरला मोर्चा काढला, आयोगाने दुबार नावांपुढे दोन तारे छापायचं ठरवलं. पण दुबार नावांपेक्षा माझं लक्ष यादी प्रभागांत फोडण्याच्या कामाकडे आहे. अख्खी सोसायटी शेजारच्या प्रभागात जाणं, एका घरातली माणसं दोन प्रभागांत विभागली जाणं, अशा तक्रारी शहराशहरांतून आल्या. यातली दर चूक म्हणजे कारस्थान नव्हे. नकाशा हातात नसलेल्या माणसाने घाईने केलेली फोड हे बहुतेकांचं कारण असावं, असा माझा अंदाज आहे. विंडहॅमच्या घडीसारखंच. पुढे ऐन मतदानाच्या तोंडावर मुंबईत ‘पाडू’ नावाचं, मतदान यंत्रावरचा आकडा दिसेनासा झाला तर तो दाखवणारं सहायक यंत्र पुढे आलं, आणि १५ जानेवारी २०२६ ला बोटावरची मार्करची शाई पुसली जाते की नाही यावरून दिवसभर गदारोळ झाला. या दोन्ही गोष्टी महिनाभर आधी कुणा त्रयस्थाने तपासून, तसं जाहीर करून मोकळं होता आलं असतं.

तेव्हा मी मागतो ते एवढंच. प्रभाग रचना जाहीर होते त्याच वेळी राज्य आयोगाने तपासनीस मंडळही जाहीर करावं. माणसं विंडहॅमच्या पद्धतीने निवडावीत: काही आयोगाने, काही मान्यताप्राप्त पक्षांनी मिळून, उरलेली या दोघांनी. त्यांत संख्याशास्त्र जाणणारा एक तरी असावा, आणि माझं ऐकाल तर एक निवृत्त तलाठीही. कुठली चाळ कुठल्या हद्दीत येते हे त्याला सॉफ्टवेअरपेक्षा लवकर कळतं. तपासायचे प्रभाग पक्षांसमोर चिठ्ठ्या टाकून काढावेत, म्हणजे कुणाला आपल्या सोयीचा प्रभाग पुढे करता येणार नाही. काय तपासायचं ते आधी लिहून ठेवावं: हद्द आणि यादी जुळते का, तारे असलेल्या नावांचं बूथवर काय झालं, बूथवर नोंदलेलं मतदान आणि मोजलेली मतं यांची बेरीज बसते का, स्ट्राँगरूमचं कुलूप कधी कुणी उघडलं. पैसा आयोगाच्या तरतुदीतून यावा. महापालिकेचा नको, पक्षाचा नको, आणि ‘समाजकार्य’ म्हणून फुकट तर अजिबात नको.

माझी खरी भीती वेगळीच आहे. ही कल्पना मंत्रालयात मान्य झालीच, तर तिची निविदा निघेल, सगळ्यात कमी दराची कंपनी येईल, नुकतीच पदवी घेतलेली दहा मुलं लॅपटॉप घेऊन बसतील आणि शेवटी रंगीत आलेखांचं सादरीकरण होईल. आपल्याकडे खात्याखात्यांत बसलेल्या सल्लागारांचा अनुभव पाहता हे अशक्य मुळीच नाही. आणि कुणी अहवाल मागितला तर माहिती अधिकार कायद्याचं व्यापारी गोपनीयतेचं कलम पुढे केलं जाईल. अ‍ॅरिझोनात हेच झालं. कंपनी म्हणाली, आमचे कागद खासगी आहेत. वरच्या कोर्टाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं की सरकारी काम करणाऱ्या कंत्राटदाराकडचे त्या कामाचे कागद सार्वजनिकच असतात. तरी कागद मिळेनात, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधीशांनी रोज ५० हजार डॉलर दंड लावला. कंपनीने माणसं काढली आणि आपण दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे तपासनिसाशी होणाऱ्या कराराचं पहिलं कलम फीबद्दल नको, कागदांबद्दल हवं: मसुदा, टिपणं, ईमेल, सगळं आयोगाचं, आणि अहवाल आयोगाने वाचण्याआधी नाही तरी वाचल्यापासून सात दिवसांत जसाच्या तसा प्रसिद्ध. यादीही चाळता येईल अशा स्वरूपात मिळायला हवी. आज ती चित्ररूपात मिळते आणि त्या फाइलमध्ये नाव शोधता येत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तशी यादी देण्याचा आग्रह धरायला नकार दिला. शोधता न येणाऱ्या यादीतल्या चुका तपासायच्या म्हणजे नुसती शिक्षा.

आयोग म्हणेल, आमच्या घटनात्मक अधिकारांत हा हस्तक्षेप. नाही. संविधानाच्या २४३ के आणि २४३ झेडए या कलमांनी निवडणुकीचं नियंत्रण आयोगाकडे दिलं आहे, म्हणून तर मंडळ आयोगानेच नेमायचं. या मंडळाने निकाल बदलायचा नाही. तो फक्त निवडणूक याचिकेतूनच बदलेल. मंडळाने फक्त लिहायचं, आणि ते लिहिलेलं याचिकेत दोन्ही बाजूंना वापरता येईल. हरणारे मानतील का? काही मानणार नाहीत. अ‍ॅरिझोनातही त्या ९९ मतांनी कुणाचं मत बदललं नाही. पण हट्टी माणसाचं समाधान हे तपासणीचं कामच नव्हे. पुढच्या वेळी सोसायटी बरोबर प्रभागात पडली तर ते पुरेसं आहे.

मुदत पाळली तर पुढच्या महापालिका निवडणुका २०३१ च्या आसपास येतील. त्यात कोण हरणार हे आज एकाही पक्षाला ठाऊक नाही, आणि नियम करायला याहून बरा मुहूर्त मिळणार नाही. तोवर रिकाम्या होणाऱ्या जागांच्या पोटनिवडणुका मधेमधे होतच राहतात. त्यातल्या एका प्रभागात, एकदा, हे मंडळ बसवून बघायला कायदा बदलावा लागेल असं मला वाटत नाही. आयोगाचा एक आदेश पुरेल. मंडळाच्या स्वतःच्या चुका होतील त्याही तिथेच, स्वस्तात होऊन जातील.